लांबवलेला ठोका

माझ्या बापाला कम्युनिस्टांचे चार पुढारी फार प्रिय होते. त्यांची पहिली अक्षरं जोडून त्यानं माझं नाव मेलिस ठेवलं. पुढारी गेले, त्यांचे पुतळे गेले, ज्या साखर कारखान्यात मी विजेचा इंजिनियर होतो तो कारखानाही बंद पडला. नाव तेवढं मागे राहिलं. आता मी साराबुलाकच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करतो, चहाचे विजेचे सामोवर दुरुस्त करतो आणि जमलं तर लोकांची डोकी. तिसऱ्या कामाला अजून गिऱ्हाईक आलेलं नाही.

उन्हाळा संपत आला होता तेव्हा दोसान दुकानात आला. दोसान म्हणजे आमच्या सांस्कृतिक भवनाचा प्रमुख. माइक नसला तर त्याचा आवाज निघत नाही, आणि माइक हातात आला की थांबत नाही.

"मेलिस, एक यंत्र करून पाहिजे," तो म्हणाला. "बायगेसाठी. शेवटच्या कमानीवर बसवायचं. घोडा आला की भोंगा वाजला पाहिजे, दिवा लागला पाहिजे, फळ्यावर आकडा पडला पाहिजे. राजधानीहून पाहुणा येतोय. दर वर्षी आपले म्हातारे बोटांवर घोडे मोजत बसतात, बरं दिसतं का ते?"

"म्हाताऱ्यांची बोटं आजवर चुकली नाहीत."

"म्हणूनच तर," दोसान म्हणाला आणि खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून सोलत बसला.

त्याच्या 'म्हणूनच तर'चा अर्थ लावायला मला वेळ लागला नाही. त्या वर्षीच्या बायगेत, म्हणजे खाऱ्या तळ्याला वळसा घालून परत येणाऱ्या आमच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, एक घोडी पणाला लागली होती. तिचं नाव तोरी. रंग तांबूस, पाय असे की जमिनीला लागतात की नाही याची शंका यावी. मालकीण उलबोसीन आपा. आपाच्या आईबापांना मुलीच मुली झाल्या, तेव्हा पाचव्या मुलीचं, म्हणजे हिचं, नाव त्यांनी रागानं उलबोसीन ठेवलं, म्हणजे 'आता तरी मुलगा होऊ दे'. मुलगा झाला नाही. पण घोड्यांच्या बाबतीत आपा तालुक्यातल्या सगळ्या मुलग्यांना पुरून उरली. नवरा गेल्यावर त्याच्या घोडीचं शिंगरू तिनं हातानं दूध पाजून वाढवलं. तीच तोरी.

आणि तोरीवर डोळा होता आमच्या अकीमचा, म्हणजे तालुक्याच्या प्रमुखाचा. सेरकेबाय त्याचं नाव. तोंडावर सगळे आदरानं सेरेके म्हणतात. तालुक्याची कचेरी त्याची, कोळसा त्याच्या हातात, वीज कोणत्या गल्लीत कधी यायची तेही त्याच्या हातात. तोरी तेवढी नव्हती. वसंतातल्या मेजवानीत कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, जरा जास्त झाल्यावर तो भरल्या पंगतीत म्हणाला, "आपा, शर्यत लावू. तुमची तोरी माझ्या कारागेर घोड्याच्या पुढे आली तर परत कधी मागणार नाही. मागे राहिली तर माझ्या तबेल्यात. कबूल?"

आपानं कप खाली ठेवला. "पुढे आली तर जन्मात तोंड उघडायचं नाहीस."

"नाही उघडणार."

सगळ्या पंगतीनं ऐकलं. आता माघार कुणालाच नव्हती.

तर यंत्र. काम तसं पोरखेळ. कमानीच्या एका खांबावर ट्रकचा दिवा, दुसऱ्या खांबावर प्रकाश ओळखणारा डोळा. मधून कंबरेच्या उंचीनं झोत. कुणी मध्ये आलं की झोत तुटतो आणि तारेतून विजेचा एक ठोका निघतो. अडचण एवढीच की भरधाव घोड्याचा ठोका पापणी लवायच्या आत संपतो. आणि फळा मी आणला होता कारखान्याच्या कुस्तीच्या हॉलमधून, त्याचे रिले, म्हणजे आकडा बदलणारे विजेचे खटके, माझ्या बापाच्या वयाचे. हाक ऐकून 'कोण आहे?' म्हणेपर्यंत हाक मारणारा पुढच्या गावी पोचलेला. म्हणून ठोका लांबवायचा.

हे कसं करायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. एक बादली घ्या. ती झटकन भरते, पण बुडाला बारीक भोक आहे, त्यातून हळूहळू गळते. पाणी आहे तोवर दिवा लागलेला. बादली म्हणजे कंडेन्सर, भोक म्हणजे रेझिस्टर. भरलेलं पाणी आल्या वाटेनं परत जाऊ नये म्हणून एक डायोड, आणि रिलेला ढकलायला एक ट्रान्झिस्टर. झालं. सगळं शहाणपण बादली केवढी घ्यायची यात. फार लहान घेतली तर रिले जागाच होत नाही. फार मोठी घेतली तर पहिल्याचं पाणी गळून जायच्या आत दुसरा घोडा येतो, बादली पुन्हा भरतो, दिवा विझतच नाही, आणि फळा दोघांना मिळून एकच मोजतो.

मी नखाएवढा कंडेन्सर घातला. मग आमची गाय आणि तिच्या पाठोपाठ वासरू कमानीतून पिटाळलं. फळ्यावर दोन. मी खूश, गाय नाराज.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दोसाननं मैदानात पेटीचं झाकण उघडलं आणि आत डोकावला. त्याचा चेहरा पडला.

"हे काय? एवढासा?"

"तेवढाच लागतो."

"मेलिस, अरे अकीमच्या यंत्रात एवढासा कंडेन्सर? पाहुण्याच्या पुढ्यात कोकराचा कान ठेवून 'जेवा' म्हणशील का तू? आणि दिवा किती वेळ लागतो?"

मी हात मध्ये घालून दाखवलं. दिवा लागला, विझला.

"संपलं?" दोसान जवळजवळ ओरडला. "सेरेके उठून उभे राहणार, टोपी सारखी करणार, हात वर करणार, कॅमेरेवाला वळणार. तोवर दिवा लागलेला नको?"

"दोसान आगा, दिवा लांबला तर मागचा घोडा त्यात बुडेल. मोजला जाणार नाही."

"मागच्या घोड्याकडे कोण बघतो?"

एवढं बोलून तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण आमच्याकडे मोठ्या माणसाचं कार्य निघालं की प्रत्येकानं काहीतरी आणून द्यायचं आणि देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, अशी रीत आहे. कुणी मेंढा देतो, कुणी सतरंजी. दोसाननं माइक हातात घेतला आणि बाजारभर जाहीर केलं की सेरेकेंच्या यंत्राला कंडेन्सर पाहिजेत.

आले की हो लोक! घरोघरचे मेलेले टीव्ही उघडले गेले. जनावरांचा डॉक्टर एक घेऊन आला. "डॉक्टरसाहेबांकडून एक कंडेन्सर, मोठा!" दोसान गरजला. मग नोंदणी कचेरीचा साहेब कसा मागे राहणार? त्यानं दोन आणले. बेकरीवाल्यानं धुलाई यंत्राचा आणला, बोलून चालून पावाएवढा. हातात काही नसलेला माणूस तेवढ्या गर्दीत तोंड लपवून उभा होता. दोसान जुना अॅम्प्लिफायरवाला, तारांना डाख द्यायला येतं त्याला. एकाशेजारी एक सगळे जोडत गेला. मी सांगत होतो की बादलीला बादली जोडली की हौद होतो. तो म्हणाला, "होऊ दे. हौद म्हणजे समृद्धी."

त्यानं हात घालून पाहिला. भोंगा सुरू झाला आणि पार लोकांचे टाळ्या वाजवून हात दुखेपर्यंत वाजत राहिला. अकीमनं स्वतः येऊन दोसानच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे पाहून म्हणाला, "इंजिनियर, शिका काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सगळा तालुका मैदानात लोटला. मंडपात मधोमध राजधानीचा पाहुणा, जाडजूड, घामेजलेला, कुणाशी फार न बोलणारा. त्याच्या बाजूला अकीम. समोरच्या सतरंजीवर म्हातारी मंडळी. तालुक्यात व्हिडिओ कॅमेरा एकच, आणि तो सकाळपासून अकीमच्या तोंडावर रोखलेला.

टेकडीआडून धूळ उठली. पुढे दोनच घोडे होते, बाकीचे कितीतरी मागे. मी पेटीपाशी कमानीला लागूनच उभा होतो, मला हातभरावरून दिसलं. तोरी पुढे होती. नाकानं नाही, मानेनं नाही, चांगली दोन घोड्यांच्या लांबीनं पुढे. पाठीवर आपाची नात, मानेला चिकटलेली. तोरी कमानीतून गेली, भोंगा कडाडला, दिवा पेटला, फळ्यावर एक पडला. तोरीला थांबणं माहीत नव्हतं, ती तशीच पलीकडच्या ओढ्यापर्यंत गेली. मागून कारागेर आला. हौद पुन्हा भरला. भोंगा वाजतच होता, दिवा जळतच होता, एकाचा दोन काही झाला नाही. आता कुठे कॅमेरेवाल्याला वळायचं सुचलं. वळून पाहतो तर पेटलेल्या दिव्याखाली, फळ्यावरच्या एका आकड्याखाली, कारागेर. आणि त्याचा लगाम धरायला धावलेला अकीम, हात वर करून.

दिवा विझला तेव्हा दोसान माइकवर उभा होता.

"पहिला! सेरेकेंचा कारागेर!"

मग आपा उठली. काठी टेकत कमानीपाशी आली.

"दोसान, माझी तोरी पुढे होती."

"आपा, फळा बघा. एक. यंत्रानं एकच घोडा मोजलाय. यंत्राला ना सोयरेधायरे, ना कुणाची भीती. आणि कॅमेऱ्यात दिव्याखाली कारागेर आहे. मग तोरी आलीच नाही. कमानीच्या बाहेरून गेली असेल."

"बाहेरून?" मी ओरडलो. "खूर उमटलेत बघ आत! तू घातलेल्या हौदानं दुसरा घोडा गिळला, आणि दुसरा म्हणजे कारागेर!"

"मेलिस उन्हात दमलाय," दोसान माइकवर म्हणाला. "त्याला कुणीतरी ताक द्या."

आपा म्हाताऱ्यांकडे वळली. "तुम्ही तरी बोला. तुमच्यासमोरून गेली ना?"

एकाच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. ऊन त्याच्या पाठीमागे होतं. दुसरा त्या वेळी पिठाचा तळलेला बाउरसाक चावत होता. त्याच्या तोंडात दात नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "तांबूस काहीतरी गेलं खरं. पण ते घोडंच होतं असं शपथेवर नाही सांगता येणार." जन्मभर घोड्यांच्या तोंडात हात घातलेला हा माणूस! मला असा संताप आला की ती पेटी उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. कोळसा, वीज, पोराची नोकरी, जागेचा कागद, प्रत्येकाचं काही ना काही अकीमच्या खिशात होतं, आणि प्रत्येकजण सतरंजीची नक्षी बघत होता.

नात तोरीला घेऊन परतली. तोंडभर धूळ. "आजी, आपण पुढे होतो ना गं?"

"होय तर," आपा म्हणाली. "जा, तिला फिरवून आण. लगेच पाणी देऊ नको."

अकीम हसत पुढे आला. "आपा, मन मोठं करा. तोरीला माझ्याकडे काही कमी पडणार नाही. राजासारखी राहील."

आपानं त्याच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग माझ्या पेटीकडे. नंतर अगदी गरीब आवाजात दोसानला म्हणाली, "मी अडाणी बाई. नियम मला नीट समजाव. दोघं लागोपाठ कमानीतून आले आणि फळ्यावर एक पडला, तर मागचा तो आला, पुढचा आलाच नाही. असंच ना?"

"असंच, आपा."

"माइकवर सांग रे. कान जड झालेत माझे."

दोसाननं माइकवर सांगितलं. दोनदा सांगितलं, त्याला माइक आवडतो.

"मग देते घोडी. बोललेलं मोडायची नाही मी. पण रीतीनं देईन. सेरकेबाय, तू कमानीतून पुढे हो, पाहुण्यांकडे तोंड करून. मी मागून लगाम धरून आणते. मेलिस, फळा पुसून घे."

मी बटण दाबून शून्य केलं. खरं सांगतो, मला वाटलं म्हातारी खचली.

अकीमनं टोपी सारखी केली. कॅमेरेवाल्याला बोट दाखवून जागा नेमून दिली. मंडपाच्या दारात आचारी मेंढीचं उकडलेलं डोकं ताटात घेऊन तयारच होता. घोडी हातात आली की सगळ्यात मोठ्या माणसापुढे ते ठेवायचं आणि पंगत सुरू करायची. अकीम छाती काढून निघाला, कमानीत शिरला. भोंगा कडाडला, दिवा लागला, फळ्यावर एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या पाठोपाठ आपा आली. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला पाणक्याचं गाढव होतं, पाठीवरच्या दोन रिकाम्या डब्यांसकट.

गाढव कमानीत मधोमध थांबलं, कान हलवले आणि सावकाश बाहेर आलं. भोंगा वाजतच होता. फळ्यावर एक.

टाळ्या थांबल्या.

"हा काय चावटपणा आहे?" अकीम म्हणाला.

"कोण बोललं?" आपानं इकडेतिकडे पाहिलं. "इथं तर गाढव आलंय फक्त. सेरकेबाय अजून यायचाय. यंत्रानं एकच मोजला, आणि दोसाननं नियम सांगितलाय, मागचा तो आला." मग ती आचाऱ्याकडे वळली. "बाळा, डोकं आण इकडे. मोठा पाहुणा आलाय, त्याच्यापुढे ठेव. अकीम आला की त्याला रस्सा वाढू."

आचारी बिचारा हुकमाचा ताबेदार. पाय आपोआप दोन पावलं पुढे आले. गाढवानं ताट हुंगलं आणि तोंड फिरवलं. तेवढी अदब त्याला होती.

हसू प्रत्येकाच्या नरड्यापर्यंत आलं होतं, पण हसायचं कुणी? सगळ्यांच्या माना राजधानीच्या पाहुण्याकडे वळल्या. तो कप तोंडाशी धरून बसला होता. खांदे हलायला लागले. मग कुमीस त्याच्या नाकातून बाहेर आलं. वरून परवानगी मिळाली म्हटल्यावर सगळं मैदान फुटलं. म्हातारे सतरंजीवर आडवे झाले. डॉक्टर तर गुडघ्यावर थापा मारत होता.

"दोसान," पाहुणा डोळे पुसत म्हणाला, "मग तुमचा अकीम आलाय की नाही? मला परत जाऊन सांगावं लागेल."

दोसानच्या हातातला माइक किंचाळला. "आलेत... म्हणजे तसे दोघंही..."

"यंत्र एकच म्हणतंय."

"यंत्र मेलिसचं आहे!"

अकीमनं माइक हिसकावला. कान लाल झालेले, मानेची शीर उभी. "मी आलोय! मी पुढे होतो! सगळ्यांनी पाहिलंय मला, मी पुढे होतो!"

"म्हणजे पुढचा तोच आला म्हणायचं?" आपानं विचारलं.

"पुढचाच!"

"मागून कुणी चिकटून आला तरी?"

"तरीही पुढचाच, आपा! गाढवाला कोण मोजतं?"

कर्णे खांबाखांबावर लावलेले होते. ते शब्द पार ओढ्यापलीकडे गेले, जिथं नात तोरीला फिरवत होती. अकीमलाही ते ऐकू गेले, आपलेच, जरा उशिरानं परत आलेले. मग त्यानं माइक दोसानला दिला आणि मंडपात जाऊन बसला. मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. त्यानं त्याला हात लावला नाही.

दोसाननं घसा खाकरला. "पहिली... तोरी. मालकीण, उलबोसीन आपा."

आपानं गाढव पाणक्याला परत केलं. नातीच्या हातून तोरीचा लगाम घेतला. "मेलिस," ती म्हणाली, "फळा पुन्हा एकदा पूस. या वेळी ती चालत जाऊ दे, कुणाला ऊन लागायला नको."

मी शून्य केलं. आपा आणि तोरी कमानीतून गेल्या. भोंगा वाजला, दिवा लागला, फळ्यावर एक पडला. आणि मग लोक धावले. उन्हानं डोळे दिपलेला म्हातारा पहिला. त्याच्यामागे बाउरसाकवाला, डॉक्टर, बेकरीवाला, नोंदणी कचेरीचा साहेब. सगळं गाव तिच्यामागून कमानीत घुसलं, तिचा हात हातात घ्यायला, तोरीच्या मानेवर थोपटायला. "आपा, मी पाहिलं होतं हो!" "मी तर बायकोला म्हटलंसुद्धा, तोरीच पुढे!" "ते यंत्रच खुळं, आपा!" येणारा माणूस संपत नव्हता, हौद पुन्हा पुन्हा भरत होता, भोंगा थांबत नव्हता. शेवटी भोंग्यात कुणाचंच बोलणं ऐकू येईना.

आपा थांबली. कपाळावर हात धरून फळ्याकडे पाहिलं. तिची नजर अधू झाली होती.

"मेलिस, किती मोजले रे यंत्रानं?"

मी फळ्याकडे पाहिलं, तिच्यामागच्या गर्दीकडे पाहिलं.

"एक, आपा."

"हं," ती म्हणाली, "या वेळी बरोबर मोजलं." आणि तोरीला घेऊन घराकडे निघाली.